मार्था बॅलर्ड सुइणीची रोजनिशी
(इ. स. १७८५ ते १८१२)

१. प्रस्तुत लेखांत ज्या हस्तलिखिताचा परिचय करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे, तें कोणा राजपुरुषाचें नव्हे, सेनापतीचें नव्हे, मुत्सद्द्याचेंहि नव्हे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या ईशान्य टोंकास मेन म्हणून जो प्रांत आहे, त्यांतील केनेबेक नदीकांठच्या एका सुइणीनें ही रोजनिशी लिहिली. तिचें नांव मार्था बॅलर्ड. इ. स. १७८५ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस (शके १७०६) तिनें लिहिण्यास आरंभ केला आणि इ. स. १८१२ च्या मे महिन्याच्या ७ व्या तारखेस शेवटची नोंद केली. मध्यंतरीं सत्तावीस वर्षें व चार महिने लोटले. एकंदर नोंदी ९,९६५ आहेत. इतक्या दीर्घ काळांत दिवस फारसा वगळलेला नाहीं, यावरूनच लेखिकेची चिकाटी दिसून येते. रोजनिशीस आरंभ झाला तेव्हां पुण्यास सवाई माधवरावांची कारकीर्द चालू होती, हें ध्यानांत ठेविल्यास काळाची कल्पना वाचकांस चटकन् येईल.

२. कागद कोणाचा आहे यावर त्याची किंमत ठरविण्याची संवय संग्राहकांस असते. शिक्कामोर्तब असलेली सनद दिसली कीं हात पुढें होतो. बाजारहाटाची चोपडी दिसली कीं ती रद्दींत जाते. बॅलर्डबाईच्या रोजनिशीचीहि हीच गति व्हावयाची होती, ती थोडक्यांत टळली. ती कशी टळली आणि टळल्यामुळें इतिहासाच्या पदरांत काय पडलें, हें सांगणें हाच या लेखाचा उद्देश होय.

३. लेखिकेचें पूर्ववृत्त. मार्थाचें माहेरचें आडनांव मूर. जन्म इ. स. १७३५, मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील ऑक्सफर्ड गांवीं. घराण्यांत वैद्यकी होती. तिचा एक चुलता वैद्य होता, आणि तिची बहीण डोरोथी ही स्टीफन बार्टन नांवाच्या वैद्यास दिली होती. या डोरोथीची नात क्लॅरा बार्टन हिनें पुढें अमेरिकेंतील यादवी युद्धांत जखमी शिपायांची शुश्रूषा केली व इ. स. १८८१ त त्या देशांत रेडक्रॉस संस्थेची स्थापना केली. परिचारिका म्हणून नातीचें नांव जगास ठाऊक झालें. चुलत आजीचें नांव तिच्या स्वतःच्या गांवींहि फारसें कोणास माहीत नव्हतें.

४. इ. स. १७५४ त मार्थाचें लग्न इफ्रेम बॅलर्ड याच्याशीं झालें. हा गृहस्थ गिरणीवाला असून जमीन मोजणीचें कामहि करी. उभयतांस नऊ अपत्यें झालीं. इ. स. १७६९ च्या उन्हाळ्यांत ऑक्सफर्ड गांवांत घटसर्पाची सांथ आली, आणि १७ जून ते ५ जुलै एवढ्या अवधींत मार्थाच्या तीन मुली दगावल्या. त्या वेळीं ती स्वतः गर्भवती होती. शेवटच्या मुलीस मूठमाती दिल्यानंतर महिनाभरानें, ऑगस्टाच्या ६ व्या तारखेस, तिला हॅना नांवाची मुलगी झाली. सतरा वर्षांनंतरच्या एका जून महिन्याच्या नोंदींत त्या दिवसाचें स्मरण आहे. अमुक मुलीस जाऊन आज इतकीं वर्षें झालीं, तिचें वय इतकें वर्षें इतके महिने होतें, एवढेंच लिहिलें आहे. विलापाचा शब्दहि नाहीं. परंतु वयाचे महिने विसरले गेलेले नाहींत. परक्या घरीं रात्र रात्र बसणाऱ्या या बाईचें मन कोठें घडलें, याचा उलगडा या एका ओळीनें होतो असें आम्हांस वाटतें.

५. इ. स. १७७७ त बॅलर्ड कुटुंब केनेबेक नदीकांठच्या हॅलोवेल या नव्या वसाहतींत राहावयास आलें. हा मुलूख तेव्हां मॅसॅच्युसेट्सच्याच अमलाखालीं होता. मेन हें स्वतंत्र संस्थान इ. स. १८२० त झालें. हॅलोवेलचा उत्तरेकडील भाग इ. स. १७९७ त निराळा झाला, तोच आजचें ऑगस्टा शहर. जंगल तोडून वसलेला गांव, मधून वाहणारी मोठी नदी, हिवाळ्यांत ती गोठून तिचाच रस्ता व्हावयाचा, आणि वसंतांत बर्फ फुटूं लागलें म्हणजे ना होडी चाले ना पायवाट. अशा ठिकाणीं इ. स. १७७८ च्या जुलईंत मार्थानें पहिलें बाळंतपण केलें. त्या वेळीं तिचें वय त्रेचाळीस वर्षांचें होतें. रोजनिशी सुरू झाली तेव्हां ती पन्नाशीस टेकली होती.

६. हस्तलिखिताचें स्वरूप. संग्राहकांच्या सोयीसाठीं याचें वर्णन थोडें विस्तारानें करतों. लेखिकेनें कागद स्वतः दुमडून, शिवून लहान लहान वह्या केल्या होत्या. पुढें त्या दोन जिल्दांत बांधल्या गेल्या. पानाची मांडणी त्या काळच्या पंचांगांवरून घेतलेली आहे. आरंभीं तारीख, नंतर वार दाखविणारें अक्षर, मग मजकूर, आणि कडेस त्या दिवसाचा गोषवारा: अमक्याच्या घरीं, किंवा आपल्याच घरीं. समासांत जन्मांचे अनुक्रमांक घातलेले आहेत. बाळंतपणाचा मेहनताना पोंचला म्हणजे तेथें दोन फुल्यांची खूण केलेली आढळते. पोंचला नसल्यास जागा कोरी. यावरून ही वही एकाच वेळीं रोजनिशी, जमाखर्चाची चोपडी आणि जन्मनोंदणीचें दप्तर, अशी तिहेरी होती हें स्पष्ट होतें. शुद्धलेखन लेखिकेचें स्वतःचें आहे. एकच नांव तीन प्रकारें लिहिलेलें सांपडतें. विरामचिन्हें जवळजवळ नाहींत. आमच्याकडील मोडी दप्तरें वाचणारांस यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं.

७. मजकूर बहुतेक ठिकाणीं अगदीं त्रोटक आहे. हवा कशी होती, कोण आलें, कोण गेलें, मुलींनीं मागावर किती कापड विणलें, बागेंत काय पेरलें, कोणाच्या घरीं बोलावणें आलें, मूल किती वाजतां झालें, मुलगा कीं मुलगी, आई व मूल सुखरूप. इतकेंच. एक पान वाचणारास यांत कांहीं हातीं लागत नाहीं. परंतु अशीं हजारों पानें एकापुढें एक ठेविलीं म्हणजे निराळेंच चित्र उभें राहतें. इ. स. १७८७ च्या ऑगस्टाचा मासला पाहूं. ३ तारखेपासून २४ तारखेपर्यंतच्या तीन आठवड्यांत या बाईनें चार बाळंतपणें केलीं. एकदां वेणांच्या खोट्या वर्दीवरून जाऊन आली. सोळा वेळां आजाऱ्यांस पाहिलें. तीन प्रेतें न्हाऊं घालून दफनासाठीं तयार केलीं. एका शेजाऱ्यास गोळ्या दिल्या. दुसऱ्यासाठीं वनस्पति खुडून औषध केलें. आणि घरीं नवऱ्याचा दुखरा घसाहि पाहिला. सुईण, परिचारिका, वैदू, औषधी करणारी आणि प्रेतांची अखेरची सेवा करणारी, हीं सर्व कामें एकाच स्त्रीच्या हातून होत होतीं. आज हीं निरनिराळ्या धंद्यांत वांटलीं गेलीं आहेत, त्यामुळें एकीचा आवांका किती होता हें आपल्या ध्यानांत सहसा येत नाहीं.

८. बाळंतपणाची रीत. वेणा लागल्याची वर्दी आली कीं घरधनी घोडें अगर होडी घेऊन सुइणीस आणावयास येई. पहिला काळ सुईण व बाळंतीण यांचाच असे. वेणा वाढल्या म्हणजे शेजारच्या पांचसहा बायकांस बोलावणें जाई. त्या आलटून पालटून बाळंतिणीस आधार देत. मूल झालें, वार पडली, आई स्थिरावली, कीं सुईण आपल्या घरीं जाई, आणि पुढील शुश्रूषा दुसरी एखादी बाई पत्करी. आठपंधरा दिवसांनीं बाळंतीण उठून स्वयंपाकघरांत पाऊल टाकी, तेव्हां तें बाळंतपण सुरळीत पार पडलें असें समजत. मार्थाचा नेहमींचा मेहनताना सहा शिलिंग होता. तो रोख क्वचित् मिळे. बहुधा धान्य, लोणी, कापड, दुकानचा माल अशा रूपानें येई आणि कधीं कधीं महिन्यांनंतर येई.

९. या कामांत अंगमेहनत किती होती हें इ. स. १७८९ च्या एप्रिलमधील एका नोंदीवरून कळतें. वादळ व पाऊस असतां ती नदीपार बाळंतपणास निघाली. होडींतून उतरून घोड्यावर बसली, तों वाऱ्यानें एक मोठें झाड उन्मळून वाटेंत पडलें. पुढें ओढ्यास पूर असून लाकडाचे ओंडके पाण्यावर तरंगत होते. बरोबरच्या गृहस्थानें लगाम धरून घोडा पैलतीरास नेला. इतकें झाल्यावर ती मुक्कामीं पोंचली व तिनें आपलें काम केलें. लेखिका प्रत्येक संकटामागून देवाच्या कृपेनें आपण वांचलों असें नमूद करिते. या वेळीं तिचें वय चौपन्न होतें.

१०. यशापयशाचा हिशेब. रोजनिशीच्या काळांत तिनें ८१६ बाळंतपणें केलीं, आणि त्यापूर्वींचीं धरून एकंदर संख्या एक हजाराच्या घरांत जाते. या सर्वांत प्रत्यक्ष प्रसूतीच्या वेळीं एकहि माता दगावली नाहीं. मागाहून बाळंतपणाच्या दिवसांत पांच दगावल्या. म्हणजे सुमारें दोनशें बाळंतपणांमागें एक. याशीं ताडून पाहण्यासाठीं एकच आंकडा देतों: इ. स. १९३० त, म्हणजे रुग्णालयें, डॉक्टर व क्लोरोफॉर्म हीं सर्व सिद्ध असतांना, अमेरिकेंत सुमारें दीडशें जननांमागें एक माता मृत्यु पावत होती.

११. हें कसें घडलें याचें कारण देवदत्त हातगुण एवढेंच समजूं नये. बाळंतज्वर हा स्पर्शानें पसरतो ही गोष्ट बोस्टनच्या ऑलिव्हर वेंडेल होम्स यानें इ. स. १८४३ त व व्हिएन्नाच्या इग्नाझ सेमेलवाइस यानें इ. स. १८४७ त दाखवून दिली. व्हिएन्नाच्या सूतिकागृहांत शवच्छेदन करून आलेले विद्यार्थी तेच हात घेऊन बाळंतिणींस तपाशीत, त्यामुळें शेंकडा दहाच्या आसपास बाया मरत. मार्था घरोघर जाई. एका बाळंतिणीनंतर दुसरी बाळंतीण कित्येक दिवसांनीं, निराळ्या घरांत भेटे. आणि निसर्ग आपलें काम करीत असतां त्यांत हात घालण्याची घाई तिला नसे. अशा स्थितींत विष पसरण्यास अवसरच थोडा.

१२. अपवादानें हाच नियम अधिक दृढ होतो. वर सांगितलेल्या इ. स. १७८७ च्या ऑगस्टांत क्लेटन नांवाच्या घरची सूझॅना ही बाळंत झाली, आणि आठवड्याच्या आंतच वारली. मूलहि गेलें; दोघांस एकत्र पुरलें. आपण बाळंत केलेली स्त्री बाळंतपणांत दगावण्याचा हा पहिलाच प्रसंग, असें मार्थानें लिहून ठेविलें आहे. त्या महिन्यांत गांवांत घसा लाल होऊन अंगावर पुरळ उठणाऱ्या तापाची सांथ होती, आणि मार्था त्याच आजाऱ्यांच्या घरीं जात येत होती. तो ताप उत्पन्न करणारा जंतु आणि बाळंतज्वर आणणारा जंतु हे एकच असूं शकतात, हें आज सर्वमान्य आहे. लेखिकेला जंतूचें नांवहि ठाऊक नव्हतें. तथापि सांथ, भेटी व मृत्यु यांच्या तारखा तिनें इतक्या चोख लिहिल्या, कीं दोनशें वर्षांनंतर वाचणारास कारणाची दिशा दिसते. साध्या नोंदीचें सामर्थ्य तें हेंच.

१३. डॉक्टरांशीं संबंध. गांवांतील जुन्या वैद्यांशीं मार्थाचें वर्तन आदराचें होतें. शवच्छेदनाच्या प्रसंगीं ती स्वतः हजर राहिल्याचे उल्लेख आहेत. परंतु इ. स. १७९१ त बेंजामिन पेज नांवाचा तरुण डॉक्टर गांवांत आला आणि सुइणीचें काम आपणहि करूं लागला. पुढल्याच वर्षीं एका पहिलटकरणीच्या घरीं मंडळी घाबरलीं व त्यांनीं पेज यास बोलाविलें. त्यानें अफूच्या अर्काचे वीस थेंब दिले. बाळंतीण गुंगींत पडली आणि चांगल्या चाललेल्या वेणा थांबल्या. संध्याकाळीं तिला वांति झाल्यावर वेणा परत आल्या व मुलगा झाला. मार्थानें हें सर्व औषधाच्या मात्रेसह नमूद केलें आहे. शिवी नाहीं, टीका नाहीं. परंतु मात्रा, वेळ आणि परिणाम हीं तिन्हीं लिहिल्यावर निराळ्या टीकेची जरूरहि उरत नाहीं. अमेरिकेंत प्रसूतीचें काम सुइणींच्या हातून डॉक्टरांच्या हातीं जाण्यास ज्या काळीं आरंभ झाला, त्या काळचा हा पुरावा असून तो सुइणीच्या बाजूनें लिहिलेला आहे. त्या बाजूचे कागद फार विरळा सांपडतात.

१४. कायदा आणि सुईण. त्या प्रांतांत इ. स. १६६८ पासून असा कायदा होता कीं, अविवाहित स्त्री बाळंत होत असतां ऐन वेणांत तिला मुलाच्या बापाचें नांव विचारावें; अशा वेळीं खोटें बोलवत नाहीं अशी समजूत होती. तें नांव न्यायसभेंत ग्राह्य धरून बापाकडून पोटगी वसूल करीत. हा जबाब घेणारी अर्थातच सुईण. इ. स. १७९१ च्या ऑक्टोबरांत मार्था सॅली पियर्स नांवाच्या कुमारिकेच्या बाळंतपणास गेली व नियमाप्रमाणें प्रश्न केला. सॅलीनें सांगितलेलें नांव मार्थाच्या स्वतःच्या मुलाचें, जोनाथन याचें होतें. मार्थानें तें जसेंच्या तसें रोजनिशींत लिहिलें. पुढें चार महिन्यांनीं जोनाथन व सॅली यांचें लग्न झालें आणि सॅली बॅलर्ड घराण्याची सून झाली. स्वतःच्या कुळाला बट्टा लागेल अशी नोंद जी बाई गाळीत नाहीं, तिच्या इतर नोंदींवर संशोधकानें विश्वास कां ठेवूं नये?

१५. धर्मनिष्ठा. मार्था गांवच्या प्रार्थनामंदिरांतील श्रद्धाळू सभासद होती. रविवारीं बाळंतपण आल्यास प्रार्थनेस जातां आलें नाहीं असें ती लिहिते. सुखरूप सुटकेनंतर देवाचे आभार मानिते. तिची श्रद्धा वादविवादाची नव्हती. गांवांत मात्र वाद होता. आयझॅक फॉस्टर नांवाच्या धर्मोपदेशकाची इ. स. १७८६ त नेमणूक झाली. त्याची शिकवण कडव्या मंडळींस सैल वाटली, आणि दोन वर्षांत त्यास काढून टाकण्यांत आलें. विरोधकांत हेन्री सीवल हा प्रमुख होता. हा क्रांतियुद्धांत लढलेला कप्तान व गांवच्या दप्तराचा लेखक. त्यानेंहि रोजनिशी लिहिली असून ती मॅसॅच्युसेट्सच्या इतिहासमंडळांत आहे. त्याच्या बायकोचें बाळंतपण मार्थानेंच केलें. एकाच गांवांतील, एकाच काळच्या या दोन रोजनिशा शेजारीं ठेवून वाचण्यासारख्या आहेत. सीवलच्या वहींत धर्ममतें, सभा व व्याख्यानें. मार्थाच्या वहींत बायकांचें जाणें येणें, आजार, सूत व जन्म. दोन्ही खऱ्या आहेत, पण केवळ पहिलीवरून गांवाचा इतिहास लिहिला तर अर्धा गांव गाळला जाईल.

१६. इ. स. १७८९ चें प्रकरण. फॉस्टर हा बाहेरगांवीं असतां त्याची पत्नी रेबेका हिच्यावर गांवचा न्यायाधीश जोसेफ नॉर्थ यानें बलात्कार केला, असा आरोप पुढें आला. रेबेकानें ही गोष्ट प्रथम मार्थापाशीं काढली होती. मार्थानें तेव्हां तिला, हें कोणापाशीं बोलूं नको, बोललीस तर तुझीच नाचक्की होईल, असा सल्ला दिला. पुढें खटला उभा राहिला. इ. स. १७९० च्या जुलईंत पाउनलबरो येथील न्यायसभेंत मार्थानें साक्ष दिली, आणि आपण दिलेला तो सल्लाहि रोजनिशींत लिहून ठेविला. न्यायाधीश निर्दोष सुटला. निकालानें लोक चकित झाले असें रोजनिशी सांगते. न्यायसभेच्या दप्तरांत आरोप व निकाल यांची नोंद सांपडते. परंतु ती बाई कोणापाशीं काय बोलली, केव्हां बोलली, आणि जाणत्या शेजारणीनें तिला गप्प राहण्यास कां सांगितलें, हें केवळ या रोजनिशीमुळें कळतें.

१७. उतारवय. जानेवारी १८०४ त इफ्रेम बॅलर्ड हा करवसुलीची बाकी न भरल्यामुळें कर्जदारांच्या तुरुंगांत गेला व तेथें वर्षाहून अधिक काळ राहिला. मार्थाचें वय तेव्हां अडुसष्ट होतें. जळाऊ लांकूड फोडण्यास घरांत मनुष्य नाहीं, मुलगा व सून घरांत येऊन राहिलेलीं आणि घराची मालकी कोणाची यावरून रोजची धुसफूस, असे ते दिवस रोजनिशींत उतरले आहेत. या काळांत तिचें सुइणीचें काम कमी झालेलें दिसतें. नवल असें कीं, आयुष्याच्या अगदीं शेवटीं तें पुन्हा वाढलें. सत्त्याहत्तराव्या वर्षीं, स्वतः आजारी असतां, ती बोलावणें आलें कीं निघे. शेवटचें बाळंतपण तिनें २६ एप्रिल १८१२ रोजीं केलें. अकरा दिवसांनीं लिहिलेल्या अखेरच्या नोंदींत घरीं आलेल्या बायकांचीं नांवें आहेत, आणि धर्मोपदेशकानें येऊन आपल्या स्थितीस साजेशी प्रार्थना केल्याचा उल्लेख आहे. थोड्याच दिवसांत ती वारली. जूनमधील स्थानिक वर्तमानपत्रांत तिच्या मृत्यूस एक वाक्य मिळालें.

१८. कागदांचा प्रवास. मार्थाच्या पश्चात् वह्या तिची मुलगी डॉली लॅम्बर्ड हिच्याकडे गेल्या व पुढें तिच्या मुलींकडे राहिल्या. इ. स. १८७० त जेम्स नॉर्थ यानें ऑगस्टा शहराचा इतिहास प्रसिद्ध केला. हा वर सांगितलेल्या न्यायाधीशाच्याच घराण्यांतील. त्यानें रोजनिशी पाहिली, तींतील उतारेहि घेतले. परंतु बहुतेक नोंदी त्रोटक असून सर्वसाधारण वाचकास त्यांत गोडी नाहीं असा अभिप्राय दिला. इ. स. १८८४ त वह्या मार्थाच्या खापरपणतीस, मेरी होबार्ट हीस, मिळाल्या. ही त्याच वर्षीं डॉक्टर झाली होती. घराण्यांतील जुन्या सुइणीचा वारसा तिच्याकडे जावा हें नातलगांस उचित वाटलें. तिनें त्या सेहेचाळीस वर्षें जतन केल्या आणि इ. स. १९३० त ऑगस्टा येथील मेन प्रांताच्या ग्रंथालयास अर्पण केल्या. मध्यंतरीं चार्ल्स एल्व्हेंटन नॅश यानें आपल्या ऑगस्टाच्या इतिहासांत रोजनिशीचा सुमारें एक तृतीयांश भाग छापला. तो इ. स. १९०४ त वारला आणि छापलेले फर्मे न बांधतांच पडून राहिले. त्यांचें पुस्तक इ. स. १९६१ त निघालें.

१९. अखेर लॉरेल थॅचर उलरिक या विदुषीनें सबंध रोजनिशी मुळांतून वाचली. निवडक उताऱ्यांवर न थांबतां जन्म, भेटी, मेहनताने, विणलेलें कापड, या सर्वांची तिनें मोजदाद केली, आणि जमिनीचे नकाशे, न्यायसभेचीं दप्तरें, सीवलची रोजनिशी यांच्याशीं ती ताडून पाहिली. तिचा ग्रंथ इ. स. १९९० त प्रसिद्ध झाला आणि इ. स. १९९१ त त्यास इतिहासाचें पुलित्झर पारितोषिक मिळालें. इ. स. १९९२ त रॉबर्ट व सिंथिया मॅककॉसलंड या दांपत्यानें मूळ रोजनिशीची संपूर्ण अक्षरशः नक्कल छापून प्रसिद्ध केली. ज्या नोंदींस इ. स. १८७० त गोडी नव्हती, त्याच नोंदींवर हा सारा इमला उभा आहे. कागद बदलले नाहींत. वाचणाराचा प्रश्न बदलला.

२०. अशा तऱ्हेचें हें एकटेंच साधन आहे असें नाहीं. हॉलंड देशांतील फ्रीसलंड प्रांतांत कॅथरिना श्रेडर (१६५६ ते १७४६) नांवाच्या सुइणीनें इ. स. १६९३ पासून १७४५ पर्यंत केलेल्या तीन हजारांहून अधिक बाळंतपणांची वही ठेविली होती; तीहि विसाव्या शतकांत छापली गेली. श्रेडरच्या वहींत अवघड प्रसूतींचें वर्णन अधिक, मार्थाच्या वहींत गांवाच्या संसाराचें अधिक. दोघींतहि संकटानंतर देवाचें स्मरण आहे, आणि दोघींतहि मेहनतान्याचा हिशेब आहे. श्रद्धा व हिशेब यांत त्यांना विरोध वाटत नसे. जन्मास आलेल्या प्रत्येक जिवाचा जाब देवापुढें व शेजाऱ्यांपुढें सारखाच द्यावयाचा, अशी ही वृत्ति दिसते.

२१. आतां आमच्या संग्राहक बंधूंस दोन शब्द. आपल्याकडे सुईण बहुधा निरक्षर असे, तेव्हां तिच्या हातची रोजनिशी मिळण्याची आशा करणें व्यर्थ. परंतु तिचे पाय ज्या घरांस लागले त्या घरांचे कागद आपल्यापाशीं आहेत. घरखर्चाच्या चोपड्यांत सुइणीस दिलेलें लुगडें, धान्य, नारळ यांच्या नोंदी असूं शकतात. जन्मटिपणांत वेळ असते. बाळंतकाढ्याचे जिन्नस वाण्याच्या यादींत येतात. एक नोंद म्हणजे कांहींच नाहीं; शंभर वर्षांच्या चोपड्यांतील शंभर नोंदी म्हणजे इतिहास. म्हणून आमची सूचना अशी कीं, दप्तर चाळतांना राजकारणाचीं पत्रें वेगळीं काढून बाकीचा गठ्ठा फेकून देऊं नये. वह्या ज्या क्रमानें शिवलेल्या असतील तो क्रम मोडूं नये. समासांतील आंकडे, फुल्या व खुणा नकलेंत गाळूं नयेत; बॅलर्डबाईच्या रोजनिशींत त्या दोन फुल्या गाळल्या असत्या, तर कोणत्या घरानें मेहनताना दिला आणि कोणतें राहिलें हें कधींच कळलें नसतें. आणि यादी करतांना ‘किरकोळ’ हा शब्द लिहिण्यापूर्वीं तो कागद एकदां संपूर्ण वाचावा.